बोंब न ठोकणारं गिऱ्हाईक

बंदकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. पण कचेरीत एकदा का एखादं नाव चिकटलं, की ते निवृत्तीच्या कागदापर्यंत पाठ सोडत नाही. जुनी यंत्रं बंद करणं हे त्यांचं काम, म्हणून कुणा मस्कऱ्याने त्यांना बंदकर म्हटलं आणि मग सगळेच म्हणू लागले. नवी भरती झालेली पोरं तर ते खरंच समजत आणि "बंदकर साहेब, तुमचं मूळ गाव कोणतं?" असं आदबीने विचारत. बंदकर गंभीर चेहऱ्याने सांगत, "जिथली वीज गेली, ते." घरी त्यांच्या बायकोला हे नाव फार आवडलं होतं. "राज्याची यंत्रं बंद करतात," ती म्हणायची, "आणि मोरीतला नळ काही यांच्याने बंद होत नाही."

त्यांची कचेरी म्हणजे राज्य सरकारचं माहिती तंत्रज्ञान कार्यालय. हे नाव ऐकलेलं माणूस सापडणं कठीण, आणि त्याच्याशी ज्याचा संबंध येत नाही असं माणूस सापडणं त्याहून कठीण. गाडीच्या परवान्याच्या खिडकीवर पडदा उजळतो तो यांच्या तारेवर. सरकारी दवाखान्यात नंबराची चिठ्ठी निघते, शाळांचे निकाल लागतात, जंगलखात्याची चौकी मुख्यालयाशी बोलते, ते सगळं यांच्या जिवावर. जेवण जमलं की स्वयंपाकाचं कौतुक होतं, चुलीचं नाव कोणी काढत नाही. ही कचेरी म्हणजे ती चूल. धूर झाला तरच लोक तिच्याकडे बघायचे.

नव्या संचालक मॅडम आल्या तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे इतर खात्यांना 'ग्राहक' म्हणायचं. कचेरीत हशा पिकला. ज्याला दुसरं दुकानच नाही तो कसला ग्राहक? बंदकर मात्र हसले नाहीत. त्यांना तो शब्द पटला होता, फक्त ते 'गिऱ्हाईक' म्हणत. "गिऱ्हाईक म्हटलं की त्याला कटकट करायचा हक्क आला," ते म्हणाले, "आणि कटकटीवरच तर माझं पोट आहे."

हे अगदी खरं होतं. ते कसं, ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

मोठ्या दालनात लोखंडी कपाटांच्या रांगा, आणि कपाटांत यंत्रं. त्यातली निम्मी कुणाची, हे कोणालाच ठाऊक नसे. ज्या साहेबाने ते मागवलं तो बदलून गेलेला, ज्या खात्यासाठी मागवलं ते दुसऱ्या खात्यात विलीन झालेलं, आणि यंत्र बिचारं कोपऱ्यात बसून वर्षानुवर्षं घरघरतंय. जुनी यंत्रं काढायची तर आधी मालक शोधायला हवा. बंदकर सगळ्या खात्यांना विचारत. आता सरकारात "हे कोणाचं?" असं विचारलं, की सगळे छताकडे बघू लागतात, न जाणो, आपलं निघालं तर सांभाळावं लागेल. म्हणून मग शेवटचा उपाय: त्या यंत्राची तार उपसायची आणि गप्प बसायचं. कुणाचं काम अडलं, की तो आपसूक ओरडतो. याला कचेरीत 'बोंब बघणं' म्हणत. महिनाभर कोणी ओरडलं नाही, तर यंत्र बेवारस, आणि बेवारस ते भंगारात.

बोंब यायची ती मदतकक्षात, म्हणजे ताईंच्या खोलीत. ताई तिथल्या प्रमुख. कानाला फोन लावून पंचवीसेक मुली बसत आणि ताई त्यांच्या मागून फेऱ्या मारत. समोरच्याच्या नुसत्या श्वासावरून त्या खातं ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. जंगलखातं सावकाश बोलतं, कोषागार नमस्कार करत नाही, आणि पोलीस स्वतःच प्रश्न विचारतात. बोंब आली की त्या आतल्या फोनवरून एवढंच सांगत, "काका, बोंब आली. जोडा." बंदकर तार जोडत, यंत्राला थोपटत आणि त्यावर खात्याचं नाव चिकटवत. एकदा त्यांनी एक कळकट यंत्र बंद केलं आणि राज्यातल्या सरकारी ग्रंथालयांत परत आलेली पुस्तकं नोंदवली जाईनात. वाचकांना त्याचा पत्ताच नव्हता. कोणी चकार शब्द काढला नाही. ओरडल्या त्या एक ग्रंथपाल बाई, त्याही आठवड्याने. तेव्हाच खरं बंदकरांच्या लक्षात यायला हवं होतं, की गप्प बसलेल्याचं काही अडलेलं नसतं असं नाही. पण तेव्हा सगळ्यांबरोबर तेही हसले.

यंत्राला थोपटायची त्यांची सवय वडिलांची. वडील कापड गिरणीत मागावर होते, आणि मागांच्या खडखडाटाने चाळिशीतच त्यांचे कान गेले. कान गेल्यावर गिरणीने त्यांना काढलं नाही, उलट दुरुस्तीला घेतलं, कारण ते मागावर तळहात ठेवून कुठला सांधा सैल आहे ते सांगत. "आवाज दहा यंत्रांचा एक होतो," ते म्हणत, "थरथर ज्याची त्याची असते." घरी त्यांना हाक मारायची तर फळीच्या जमिनीवर पाय आपटायचा; थरथर तळव्यांतून पोचली की बाबा वळून बघत. बोलणं सगळं हातांनी, आणि ती भाषा आईने नि मुलांनी घरच्या घरी बनवलेली. मूठ उघडली की दिवा, बोटं लाटेसारखी हलवली की पाणी, छातीवर तळहात टेकवला की 'बरं झालं तू आहेस'. शेवटच्या खुणेला बोलायच्या भाषेत नेमका शब्द नाही, आणि त्याचं बंदकरांना कधी अडलंही नाही. सकाळी कामावर आलं, की ते रांगेतल्या प्रत्येक कपाटावर क्षणभर हात ठेवत पुढे जात. बाबांनी दिलेलं एवढं ज्ञान आपल्याला आयुष्यभर भाकरी देतंय, असं त्यांना मनापासून वाटे. सरकारी नोकरीत असं वाटणारी माणसं फार नसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर अशा या बंदकरांना जुन्या दालनाच्या अगदी तळच्या फळीवर एक बिस्किटाच्या रंगाचं यंत्र सापडलं. मागे टेलिफोनच्या तारा खोचलेल्या, नावाच्या पट्टीवरची शाई उडून ती पांढरी पडलेली. हात ठेवला तर बारीक, एकसारखी थरथर. म्हणजे तब्येत उत्तम. त्यांनी रीतसर विचारणा केली. छताकडे बघण्याचा कार्यक्रम झाला. मग त्यांनी तारा उपसल्या, बटण बंद केलं, आणि यंत्र मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. त्या खोलीला ते 'वाट बघायची खोली' म्हणत. महिना गेला. ताईंचा फोन आला नाही. नवी कपाटं येणार होती, म्हणून मॅडमनी ती खोली रिकामी करायला सांगितलं, आणि एका सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो मागच्या दाराशी लागला.

सामान चढवून झालं होतं. शेवटची हातगाडी रिकामी करून बंदकर पुढच्या दाराने पाणी प्यायला येत होते, तर तिथे पहारेकरी एका बाईंशी बोलत होता. म्हणजे ओरडत होता. समोरच्याला ऐकू येत नाही असं कळलं, की ऐकू येणाऱ्याला काय होतं कोण जाणे, तो आवाज वाढवतो. जणू कान म्हणजे गंजलेली कडी, जोर लावला की उघडेल.

"अहो काका, बघा जरा," पहारेकरी हताश होऊन म्हणाला. "सकाळपासून उभ्या आहेत. ही चिठ्ठी दाखवतात."

चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'धरणाचा दिवा महिनाभर लागला नाही. पाणी सोडणार आहेत.'

"मी म्हटलं, धरणाचं खातं पलीकडच्या रस्त्याला," पहारेकरी म्हणाला. "तर म्हणे तिथूनच आले. म्हणजे, तसं म्हणाल्या असाव्यात."

बाई साठीच्या आसपासच्या. चपला मातीने माखलेल्या, हातात कापडी पिशवी, आणि चेहरा असा, की आता मला इथून हलवायचं तर उचलूनच न्या. त्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होत्या. बंदकरांनी विचार न करता जमिनीवर पाय आपटला. बाई झटकन वळल्या. पाय आपटून हाक मारणारा माणूस या कचेऱ्यांच्या वाऱ्यांत त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा, कारण त्यांचा चेहरा एकदम सैल पडला.

मग त्या हातांनी बोलू लागल्या. त्यांच्या खुणा बंदकरांच्या घरच्या नव्हत्या, पण चुलतबहिणी म्हणाव्या इतक्या जवळच्या होत्या. नदीकाठी त्यांचा मळा होता, काकडी आणि भोपळ्याचा. नवराही बहिरा. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजतो, तो ऐकून सगळे लोक काठ सोडून वर येतात. ज्यांना भोंगा ऐकू येत नाही त्यांना सरकारने कधीकाळी एक दिवा दिला होता. बाईंनी मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. दर शनिवारी सकाळी तो थांबून थांबून लुकलुकायचा, म्हणजे सगळं ठीक आहे. खऱ्या वेळी तो मिटतच नाही. आणि आता कित्येक शनिवार तो मेल्यासारखा पडला आहे.

असं सांगून त्यांनी पिशवीतून तो दिवाच काढला. लाल टोपीचा, बुटका, आणि त्याच्या शेपटीला टेलिफोनची खोचणी.

बंदकरांनी दिवा हातात घेतला आणि ती खोचणी उलटसुलट करून बघितली. बिस्किटाच्या रंगाचं यंत्र. मागे टेलिफोनच्या तारा.

बाई अजून पिशवीत हात घालतच होत्या. धरणवाल्यांनी त्यांना एक चिठ्ठी दिली होती, समाजकल्याणवाल्यांनी दुसरी, टेलिफोनवाल्यांनी तिसरी. तिन्हींवर एकच नंबर होता आणि तिन्हींवर एकच सूचना: तक्रारीसाठी फोन करा. तो नंबर बंदकरांना पाठ होता. ताईंच्या खोलीचा. अख्खा महिना ते ज्या बोंबेची वाट बघत बसले होते, ती इकडे दारोदार पायी हिंडत होती, आणि प्रत्येक दारावर तिला सांगत होते, ओरडा.

बंदकर धावले. वय विसरून, गुडघे विसरून धावले. टेम्पो सुरू झाला होता. ते सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"काका, मरायचंय का?" भंगारवाला खिडकीतून म्हणाला.

"एक यंत्र परत हवंय."

"हात्तिच्या! कुठलं?"

"सगळ्यात खालचं."

भंगारवाल्याने डोक्याला हात लावला. "खालचंच बरं असणार. आयुष्यात कोणाला वरचं हवं झालंय का!" पण त्याने गाडी बंद केली. बंदकरांचा चेहरा बघून तो स्वतःही मागे चढला आणि दोघांनी मिळून सगळा ढीग उपसला. बिस्किटी यंत्र निघालं तेव्हा त्याने ते आपल्या शर्टाने पुसून हातात दिलं. त्या शर्टाचे उपकार बंदकर अजून मानतात.

पहारेकऱ्याने बाईंना आणि त्यांच्या चिठ्ठीला ताईंकडे पोचवलं होतं, आणि यंत्र वर नेईपर्यंत ताईंनी धरणावर फोन लावून माहिती काढली होती. दरवाजे उघडायचे होते उद्या दुपारी. आणि त्या दिव्यांचं काय, असं विचारल्यावर पलीकडचे साहेब म्हणाले होते, भोंगे आमचे, दिवे समाजकल्याणचे. समाजकल्याण म्हणालं, दिवे वाटले आम्ही, पण चालवतं धरण. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. मधलं यंत्र मात्र पोरकं झालं होतं.

यंत्र जोडलं, बटण दाबलं. काही नाही. हा जुना रोग बंदकरांना माहीत होता. वर्षानुवर्षं न थांबता चाललेलं यंत्र एकदा थंड पडलं, की पुन्हा उठायला कुरकुरतं, कधी कधी उठतच नाही. त्यांनी विजेचा डबा बदलला. टेम्पोतल्याच दुसऱ्या एका यंत्राचा काढून याला बसवला. पंखा फिरला, पण आतली तबकडी हलेना. आणि ज्या ज्या घरात दिवे होते त्यांचे नंबर होते त्या तबकडीवर. दुसरीकडे कुठेच नव्हते.

एवढ्यात संचालक मॅडम आल्या. जमिनीवर उकिडवे बसलेले बंदकर, बाजूला चिखलाच्या चपलांतल्या अनोळखी बाई, दाराशी भंगारवाला, आणि निम्मा मदतकक्ष माना उंचावून उभा. मॅडमनी यंत्राकडे बोट दाखवलं.

"कोणाचं आहे हे?"

हा प्रश्न बंदकरांनी राज्यातल्या प्रत्येक खात्याला विचारला होता. आज त्यांना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी बाईंकडे हात केला. "यांचं."

मॅडमनी एकदा बाईंकडे पाहिलं. मग त्यांनी पदर खोचला आणि खाली बसल्या. "काय धरू?" त्यांनी विचारलं. बंदकरांनी तबकडीचा डबा बाहेर काढला, दोन्ही तळहातांत धरून उबवला, जसं थंडीने गारठलेल्या पिल्लाला उबवतात तसं, आणि मॅडमनी यंत्र तिरकं धरलेलं असताना मनगटाला एक हलका हिसका देऊन परत आत बसवला. ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नाही. बसली तर बसली. पुन्हा बटण दाबलं. बंदकरांनी डोळे मिटून वरच्या पत्र्यावर हात ठेवला.

काहीच जाणवलं नाही. मग जाणवलं, की दुसऱ्या बाजूला आणखी एक हात आहे. बाईंनी कोणालाही न विचारता आपला तळहात यंत्राच्या कुशीला लावला होता. आणि बंदकरांच्या आधी त्यांनीच मान डोलावली. मग त्यांनाही कळलं: बारीक, एकसारखी, ज्याची त्याची. बाबांची आठवण त्यांना इतकी जोरात आली, की त्यांना डोळे उघडायला थोडा वेळ लागला.

दिवा ताईंच्या टेबलावरच्या फोनच्या जागी खोचला आणि बंदकरांनी शनिवारची चाचणी सुरू केली. लाल टोपी लुकलुकली, थांबली, पुन्हा लुकलुकली. मुली फोन खाली ठेवून टेबलाभोवती गोळा झाल्या. बाई हसल्या आणि बंदकरांसमोर येऊन छातीवर तळहात टेकवला. तीच खूण. अगदी बाबांची. बंदकरांनी जोरजोरात मान हलवली, नाही, तुम्ही नाही, मी. आणि आपल्या छातीवर हात टेकवला. थोडा वेळ दोघांचं यावरून भांडण चाललं.

त्या संध्याकाळी यंत्राने नदीकाठच्या घराघरांतल्या दिव्यांना बोलावून पाहिलं. ते यंत्र मोठं चिवट. ज्या दिव्याने उत्तर दिलं नाही त्याला ते पुन्हा पुन्हा बोलावत राहतं, कंटाळत नाही. सगळे दिवे लागले, एक सोडून. तो दिवा त्या बाईंचाच. आधी वाटलं, त्या बसमध्ये असतील, दिवा पिशवीत असेल. पण सकाळीही उत्तर नाही. सगळ्यांसाठी पायपीट केली कुणी आणि अंधारात राहिलं कोण! बंदकरांनी हत्यारांची पिशवी उचलली. घरोघरी जाणं त्यांचं काम नव्हतं. ते मॅडमची परवानगी मागायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहे ना? जा. आणि दुपारच्या आत परत या."

मळा नदीला अगदी लागून होता, घर वर टेकाडावर. टेलिफोनची तार मळ्यातल्या खांबावरून घरात गेली होती आणि त्या खांबावरचा जोड गंजला होता. महिनाभर यंत्र बंद, त्यामुळे हा जोड कधी तुटला ते कळायला मार्गच नव्हता. खांबाशेजारी पाण्याचा पंप धडधडत होता. बाईंचा नवरा पाणी येण्याआधी मळ्यातल्या टाकीतलं पाणी वर चढवून घेत होता. बंदकरांनी बूट काढून बांधावर ठेवले, चिखलात उतरले, जोड खरवडला, नवी तार पिळली, आणि बाईंना खूण केली: वर जाऊन बघा, दिवा आता लुकलुकेल. बाई गेल्या. नवराही घागर घेऊन त्यांच्यामागे गेला. बंदकर जोडाला पट्टी गुंडाळत बसले. सकाळची वेळ होती, दरवाजे उघडायला अजून अवकाश होता, काकड्या छान धरल्या होत्या, आणि पंपाच्या धडधडाटात ते स्वतःशी काहीतरी गुणगुणत होते.

कुणीतरी त्यांच्या खांद्यावर जोरात थाप मारली. बाई होत्या, धापा टाकत. त्यांनी मूठ उघडली आणि उघडीच ठेवली.

बंदकरांना वाटलं, लागला म्हणतायत. ते हसले, मान डोलावली, आणि एक मिनिट, एवढी पट्टी होऊ द्या, असं बोट दाखवलं. बाईंनी ते बोटच पकडलं. मग मनगट पकडलं. मूठ पुन्हा त्यांच्या नाकासमोर धरली, उघडी, ताठ. मिटत नाही, कळतंय का, मिटतच नाही. आणि दुसऱ्या हाताची बोटं लाटेसारखी हलवली.

बंदकर उठले. बाईंनी त्यांना अक्षरशः ओढत नेलं, बांधावरून, भोपळ्यांच्या वेलांतून, काट्यांतून, वर. टेकाडाच्या मध्यावर पोचल्यावर पंपाचा आवाज मागे पडला आणि तेव्हा कुठे त्यांना तो ऐकू आला: लांबवर, एकसुरी, केव्हापासून तरी वाजत असलेला भोंगा. वरच्या अंगाला पाऊस वाढला होता आणि धरणवाल्यांनी दरवाजे लवकर उघडले होते. यंत्र न कंटाळता या एका दिव्याला बोलावत बसलं होतं, आणि जोड लागला त्याच क्षणी त्याचा निरोप घरात पोचला होता.

पाणी आलं ते गाजावाजा न करता, रुंद, तपकिरी. आधी बांध गेला, मग पंप एक गचका देऊन गप्प झाला. हत्यारांची पिशवी गेली. बूट गेले. ज्या खांबापाशी ते गुणगुणत बसले होते त्याचा फक्त वरचा भाग दिसत राहिला. बंदकर अनवाणी उभे होते. चांगले धडधाकट दोन कान घेऊन ते तिथे खाली बसले होते, आणि भोंगा त्यांच्यासाठी वाजलाच नव्हता. ज्या यंत्राला त्यांनी बेवारस ठरवलं होतं, त्याने आपला एक उशिरा पोचलेला निरोप त्यांच्यासाठी राखून ठेवला होता, आणि तो पोचवायला या बाई उतारावरून पळत खाली आल्या होत्या.

त्यांनी छातीवर तळहात टेकवला. या वेळी बाईंनी भांडण केलं नाही. नुसती मान डोलावली.

बाईंच्या नवऱ्याच्या चपला घालून बंदकर घरी गेले. "अहो, बूट कुठे?" बायकोने दारातच विचारलं. बंदकरांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत जाऊन पाणी आणलं, आणि त्यांच्या पायातले काटे काढता काढता म्हणाली, "त्या बाईंना एकदा घरी बोलवा. मला त्यांना बघायचंय." त्या दिवशी तिने नळाचं नावही काढलं नाही.

कचेरीत बंदकर अजूनही तारा उपसतात. जुनी यंत्रं काढावीच लागतात. पण आता त्याआधी ते तारेच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्वतः जाऊन येतात. जिथे जाता येत नाही तिथे मॅडम गाडी देतात. बिस्किटी यंत्राचा नवा, धट्टाकट्टा भाऊ दालनात आला आहे, जुनं अजून त्याच्या सोबतीला घरघरतं. आणि ताईंच्या टेबलावर आता फोनशेजारी एक मोबाईल असतो, फक्त लिहून येणाऱ्या तक्रारींसाठी. त्याचा नंबर दिव्यांच्या प्रत्येक घरात दिला आहे. शनिवारची चाचणी झाली की त्यावर निरोप येऊ लागतात, दिवा लागला, दिवा लागला, आणि ताई ते एकेक करून मोठ्याने वाचतात.

अशाच एका शनिवारी ताई वाचता वाचता थांबल्या आणि त्यांनी मोबाईल बंदकरांच्या हातात दिला. निरोप मळ्यातल्या बाईंचा होता: 'दिवा लागला. तुमचा एक बूट खालच्या वळणावर सापडला. धुऊन ठेवला आहे. दुसरा शोधते आहे.'

बंदकरांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, आणि तरी नीट दिसेना तेव्हा तसाच हातात धरून बसले.

"काय झालं काका?" एका नव्या मुलीने विचारलं.

"काही नाही गं," ते म्हणाले. "बोंब आली."